सनमायकाचं कपाट रंगवा, पण घासताना जपून

दिवाळी जवळ आली की घरातलं जुनं कपाट डोळ्यांत खुपू लागतं. सनमायका फिकी पडलेली, कडेची पट्टी सुटलेली. टाकून नवं घ्यावं की रंगवावं? माझं मत विचाराल तर रंगवा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा रेझीनमध्ये दाबून केलेली फळी. त्या रेझीनमधून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघत असतो. नव्या फर्निचरमधून तो जास्त निघतो, वर्षं सरतील तसा कमी होतो. उघड्या पडलेल्या कडा प्रायमर आणि रंगाने बंद केल्या तर आणखी कमी.

खरी अडचण घासण्याची आहे. सुताराला मशीन आणायला सांगून बेडरूममध्येच सनमायका खरवडून घेतात. त्याची गरजच नसते. वरची चकाकी जाईल इतकंच बारीक पॉलिश पेपरने घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं आणि सनमायकावर धरणारा प्रायमर लावायचा. आतला भुसा दिसेपर्यंत घासलंत तर बोर्डाची बारीक धूळ घरभर होते. लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या. एक कपाट घासलं म्हणून कॅन्सरची धास्ती घेऊ नका. तो धोका वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या सुताराला आहे. (त्याला एक चांगला मास्क आपणच द्यावा.) पण घरात दम्याचं मूल असेल तर त्याला त्याच रात्री धाप लागू शकते.

नाकाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. म्हणून पाण्यात मिसळणारा रंग घ्या आणि काम गॅलरीत किंवा गच्चीवर करा. गर्भवती, लहान मुलं, दमेकरी यांना वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपवू नका. उदबत्ती लावून वास झाकतो, वाफ तिथेच राहते, वर धुराची भर.

कपाटावर आधीच जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासूच नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१६च्या नियमांनी आली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं, आणि रांगणारं मूल जमिनीवरची धूळ हाताने तोंडात घालतं.

रंगकामानंतर खोकला, धाप किंवा डोळ्यांची आग होऊन दवाखान्यात गेलात, तर घरात काय घासलं आणि कोणता रंग लावला ते आपणहून सांगा.