यवतमाळात बसून डॉल्फिन वाचवणे

परवा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर, कानाला हेडफोन. दारातून डोकावून त्यांनी विचारलं, "काहून वो, काय करते तू दिवसभर याच्यापुढं?" म्हटलं, काम करते काकू, समुद्रातल्या डॉल्फिनचं. काकू थोडा वेळ माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "बाप्पा! अन् इथं नळाले पाणी येऊन नाही राह्यलं."

हसू आलं, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. यवतमाळातून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. आमचं पाणीसुद्धा वर्धा, पैनगंगा, मग प्राणहिता, गोदावरी असं करत पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातं, आणि मी काम करते ते पश्चिमेच्या, कोकणातल्या समुद्राचं. म्हणजे तोही संबंध नाही. मग या बाईनं इथे बसून डॉल्फिन वाचवायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

तर सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची नोकरी गेली, आम्ही घरी यवतमाळला आलो, आणि काही महिन्यांनी एका छोट्या संस्थेचं घरून करायचं काम मिळालं (संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही). काम तीन प्रकारचं. किनाऱ्यावर कुठे मेलेला डॉल्फिन, कासव, देवमासा लागल्याची बातमी आली की ती तारीख, गाव, माप यांसकट तक्त्यात भरायची. बोटीवरून काढलेले डॉल्फिनचे फोटो एकमेकांशी ताडून बघायचे. आणि मच्छीमारांसाठी जी पत्रकं निघतात ती मराठीत करायची. पगार बेताचा, पण घरबसल्या आहे.

हा 'घरबसल्या' शब्द कुणी काढला कोण जाणे. ज्यानं काढला तो घरी बसून काम करणारा नक्की नव्हता. घरात बाई बसलेली आहे याचा अर्थ ती मोकळी आहे, असं घराचं ठाम मत असतं. कुरिअरवाला आला, मी उठायचं. गॅसचं सिलिंडर आलं, मी उठायचं. सासूबाईंना बिपीची गोळी, मुलाला 'आई, माझा कंपास'. नवरा सकाळी ऑफिसला जातो तेव्हा तो 'कामाला जातो', आणि मी त्याच वेळी खोलीचं दार लावून घेते तेव्हा मी 'आत जाऊन बसते'. कुणी दुष्ट नाही हो यात. सासूबाई तर दुपारी न सांगता चहा आणून ठेवतात. पण जे काम दिसत नाही, ज्यासाठी डबा भरून बाहेर जावं लागत नाही, ते काम आहे हे मनाला पटतच नाही. कधीकधी माझ्याही.

त्यात आमचा विदर्भाचा उन्हाळा. मे महिन्यात कूलरशिवाय आतल्या खोलीत बसणं शक्य नाही, आणि कूलर लावला की मीटिंगमध्ये माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही. एकदा मुंबईच्या एका मुलीनं विचारलं, "ताई, तुम्ही किनाऱ्यावर आहात का? लाटांचा आवाज येतोय." तेव्हापासून घरात सगळे त्या कूलरला 'समुद्र' म्हणतात. 'आई, समुद्रात पाणी टाकू का?' मग मध्येच वीज जाते आणि समुद्रही बंद, मीटिंगही बंद.

पण कामात एकदा लक्ष लागलं की लागतं. कोकण किनाऱ्याला जो डॉल्फिन सर्वांत जास्त दिसतो, पर्यटकांच्या बोटी ज्याच्यामागे धावतात, त्याच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. त्या पराच्या कडेला खाचा पडलेल्या असतात, ओरखडे असतात. कुठे दुसऱ्या डॉल्फिनचे दात लागलेले, कुठे जाळ्याची दोरी. दोन डॉल्फिनच्या खाचा सारख्या नसतात, म्हणून त्यावरून कोण कोण ते ओळखायचं आणि मोजदाद करायची. हा डॉल्फिन जगाच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' या वर्गात आहे. तो खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे छोट्या होड्यांची जाळी लागतात. मादीला काही वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. त्यामुळे वर्षाला थोडे जरी जास्तीचे मेले तरी ती भरपाई होत नाही. आणि मरतात कसे, तर बुडून! हे मला आधी माहीत नव्हतं. मासा नाही ना तो, श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. जाळ्यात गुरफटला, वर येता आलं नाही, की पाण्यातला प्राणी पाण्यात बुडून मरतो.

भाषांतराची गंमत वेगळी. डॉल्फिनचाच एक लहानसा भाऊबंद आहे, पाठीवर पर नसलेला, मऊ गोल डोक्याचा. इंग्रजीतलं नाव सरळ उचललं तर मराठीत 'परविहीन' काहीतरी होतं, आणि पत्रकात असा शब्द घातला की वाचणारा पत्रक खाली ठेवणार. शोधता शोधता कळलं की जुन्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी याचं मराठी नाव 'भुलगा' असं नोंदवून ठेवलंय. किती छान शब्द! आम्ही तो कुठे हरवला कोण जाणे. मी पत्रकात भुलगा लिहिलं. संस्थेतल्या लोकांनी आधी नाक मुरडलं, मग मान्य केलं.

पत्रक पाठवण्याआधी ते कुणाला तरी वाचून दाखवायचं, अशी मी स्वतःलाच सवय लावली आहे. मालवणकडचे एक मच्छीमार काका आहेत, त्यांचा नंबर मला कामातून मिळाला होता. त्यांना फोन लावला आणि वाचून दाखवलं. मजकूर साधारण असा, की जाळ्यात डॉल्फिन, कासव सापडलं तर जाळं कापून त्याला सोडा, सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ काढा, सरकारकडून नुकसानभरपाई मिळते. योजना खरी आहे आणि चांगलीही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती सुरू केली. संरक्षित प्राण्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून ती चालवतात.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ताई, तुमी बोलतास खंयसून?" म्हटलं, यवतमाळहून. "थंय समुद्र आसा?" नाही म्हटलं. मग थोडं थांबून ते म्हणाले, "रातीची वेळ, एकटो माणूस, वारो सुटलेलो. मी मोबाईल धरू की सुरी धरू?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे ते आपणहूनच बोलत राहिले. डॉल्फिन जाळ्यातला मासा ओढून खातात, जाळं फाडून जातात, त्या फाटलेल्या जाळ्याचं कोण देणार? अडकलेलं जनावर धडपडत असतं, होडी कलते. जाळं नुसतं विकत घेतलेलं नसतं, बसून बसून दुरुस्त केलेलं असतं, त्या दिवसांचे पैसे कुठल्या अर्जात लिहायचे? रागावून नव्हते बोलत. उलट डॉल्फिनबद्दल एक प्रकारचं प्रेमच होतं बोलण्यात. पण मी 'जाळं कापा' हे दोन शब्द टाईप करायला दोन सेकंद घेतले होते, कूलरच्या वाऱ्यात बसून.

फोन ठेवला आणि मला एकदम अवनी आठवली.

इथल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पांढरकवडा आणि राळेगावच्या भागात २०१६ पासून दोन वर्षांत तेरा माणसं मेली आणि त्याचा ठपका टी-१ या वाघिणीवर आला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. त्या आधी आणि नंतर देशभर केवढा गदारोळ झाला! मुंबईत मोर्चे, मेणबत्त्या, कोर्टकचेऱ्या. तिला ज्या पद्धतीनं मारलं त्याबद्दलचे कितीतरी प्रश्न रास्तच होते, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण मला तेव्हा जो राग यायचा तो वेगळा होता. कापूस वेचायला शेतात जायचं की नाही हा प्रश्न ज्यांना सकाळी पडत नाही ती माणसं, घरच्या सोफ्यावर बसून, आमच्या गावच्या लोकांना वाघावर प्रेम कसं करावं ते शिकवत होती. माझ्या माहेरचं गाव त्याच बाजूला आहे. माझी मावशी त्या दोन वर्षांत एकटी शेतात गेली नाही.

आणि आता दोन वर्षांतच मी स्वतः नेमक्या त्या सोफ्यावर येऊन बसले होते! वाघ आणि डॉल्फिन कायद्याच्या एकाच अनुसूचीत आहेत, पहिल्या. फक्त मी जंगलाच्या या बाजूची होते आणि समुद्राच्या त्या बाजूची झाले.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझं मत आता असं झालंय. लांबून काम करू नये, असं नाही. उलट या कामातला मोठा भाग खुर्चीवर बसूनच करायचा असतो. फोटो ताडणं, नोंदी भरणं, पत्रकं लिहिणं हे यवतमाळहून होतं तसं मालवणहून होणार नाही, कारण मालवणच्या माणसाला पोट भरायला समुद्रावर जायचं असतं. माझ्यासारख्या गावाकडे राहिलेल्या बायकांना असं काम मिळतंय ही मोठीच गोष्ट आहे. पण लांबच्या माणसानं कंटाळवाणं काम करावं, हुकूम सोडू नयेत. 'कापा', 'सोडा', 'काढा' ही क्रियापदं कुणी कुणाला सांगायची, याचा विचार संस्थांनी आणि सरकारनं दोघांनीही करायला हवा.

आणि फोटोचं म्हणाल, तर पुरावा हवा हे मला मान्य आहे, सरकारी पैसा आहे, उद्या कुणीही फाटकं जाळं घेऊन येईल. पण एकट्या माणसाच्या छोट्या होडीला वेगळा नियम का नको? परत आल्यावर कापलेलं जाळं दाखवावं, त्याच्या मच्छीमार सोसायटीनं सही करावी, शेजारच्या होडीवाल्यानं सांगावं. शेतात पीक बुडालं तर आमच्याकडे तलाठी येऊन पंचनामा करतो, पीक बुडत असतानाचा व्हिडिओ कुणी मागत नाही. (पंचनाम्याचे पैसे कधी येतात, हा विषय नको. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.)

दुसरं म्हणजे, घरून काम करणाऱ्याला वर्षातून एकदा तरी संस्थेनं समुद्रावर न्यावं. मी हे मीटिंगमध्ये बोलले तर सगळे हसले, त्यांना वाटलं मी सहल मागतेय. मी चार वर्षं डॉल्फिनचे पर ओळखत होते आणि एकही जिवंत डॉल्फिन पाहिलेला नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, आठवत असेल. दिवाळीचे दिवस. गावकरी, वनखातं, कितीतरी लोक जवळजवळ दोन दिवस त्याला पाण्यात ढकलायला झटत होते, ओल्या कापडानं झाकत होते. शेवटी ओढून समुद्रात नेलं. आम्ही घरी सगळे फराळ सोडून मोबाईलवर बघत होतो, सासूबाईसुद्धा. मग ते पिल्लू परत किनाऱ्याला लागलं, मेलेलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत नीट. त्यानंतर मात्र मी दार लावून बसले की त्या मुलाला दटावतात, "आईले काम करू दे."

तक्त्यात ती नोंद मीच भरली. तारीख, गाव, माप. इतर बाबी या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, तो रिकामा ठेवला.

गेल्या वर्षी शेवटी मी स्वतःच्या खर्चानं मालवणला जाऊन आले. काका भेटले, पण होडी त्या दिवशी निघालीच नाही, वारा होता. किनाऱ्यावर बसून त्यांनी जाळ्याची गाठ कशी मारतात ते दाखवलं. मला दहा वेळा करूनही जमली नाही. डॉल्फिन दिसला नाही तो नाहीच.

पत्रकातलं ते वाक्य मी बदलून दिलंय. आता तिथे आधी 'तुमचा जीव सांभाळून' असं आहे, मग बाकीचं, आणि फोटो 'जमल्यास'. वरून अजून मंजुरी आलेली नाही. मागच्या आठवड्यात काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. पहाटेचा उजेड, होडीचा काठ, आणि मधोमध मोठं भोक पडलेलं जाळं. बाकी काही नाही. खाली एकच शब्द, 'गेलो'. डॉल्फिन गेला, म्हणजे सुटला, असं मी समजले. तरी फोन करून विचारलं. हो म्हणाले.

अर्जाचं काय, विचारलं तर म्हणाले, तुम्हीच भरा, तुम्ही घरीच असता ना!