पेशीला ब्रेक हवा

सोलापुरी चादरीवर मोर उमटतो तो जकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. कोणता धागा उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, हे पुठ्ठा ठरवतो. शरीरातही असेच काहीसे चालते. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुके तीच असतात, चालू असलेला संच तेवढा वेगळा. हे खटके स्वतः जोडून पाहण्याची सुरुवात 2000 साली झाली. अमेरिकेतल्या दोन गटांनी जिवाणूंत जनुकांची मंडले बसवली. एकात दोन जनुके एकमेकांना दाबून धरत, दिव्याच्या बटणासारखी. दुसऱ्यात तीन जनुकांच्या साखळीमुळे जिवाणू ठरावीक अंतराने चमकत.

जनुकात बदल केलेली पेशी आता औषध म्हणून आपल्या दारात आली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘नेक्सकार 19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून त्यांत नवे जनुक घालतात. मग त्या ‘सीडी 19’ ही खूण असलेल्या कर्करोगाच्या पेशी शोधून मारतात. परदेशात तीन-चार कोटींचा उपचार इथे 30 ते 40 लाखांत आला. अभिमान आहेच, पण आमच्या वॉर्डातल्या यंत्रमाग कामगाराला 30 लाख काय आणि तीन कोटी काय!

माझा आग्रह मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. गोळीचा त्रास झाला तर ती उद्यापासून बंद करता येते. ही पेशी शरीरात वाढते. ती चवताळली तर तीव्र ताप येतो, रक्तदाब कोसळतो, कधी रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. टोसिलिझुमॅब आणि स्टिरॉइडने बहुतेक वेळा हे आवरते, पण त्यासाठी जाणकार अतिदक्षता विभाग हाताशी लागतो. म्हणूनच पहिले काही आठवडे केंद्राजवळ राहायला सांगतात. शिवाय ‘सीडी 19’ निरोगी बी-पेशींवरही असते. त्याही मरतात आणि जंतुसंसर्गाचा धोका महिनोन्महिने राहतो. तोवर रुग्ण मुंबईपासून 400 किलोमीटरवर, आपल्या घरी आलेला असतो.

धागा तुटला की माग थांबवणारा खटका असतो. तसा पेशीतही बसवता येतो. 2011 मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी दात्याच्या टी-पेशी असा खटका बसवून रुग्णांना दिल्या. चार रुग्णांत त्या शरीरावरच उलटल्या. औषधाच्या एका डोसनंतर अर्ध्या तासात बदललेल्या पेशींपैकी 90 टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. तरीही सध्या वापरातल्या बहुतेक कार-टी उपचारांत असा खटका नाही. खटका दाबला की लाखोंचा उपचार वाया जातो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पेशीला न मारता थोपवणाऱ्या, किंवा दोन खुणा एकत्र दिसल्या तरच हल्ला करणाऱ्या मंडलांवर काम सुरू आहे.

आपल्या संशोधकांनी पुढची पेशी घडवताना ताकदीआधी या ब्रेकचा विचार करावा. मुंबईतल्या केंद्राचे त्यावाचून भागेल, जिल्ह्याच्या रुग्णालयाचे भागणार नाही. तोवर ज्यांनी हा उपचार घेतला आहे त्यांनी ताप आल्यावर घरी पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहू नये. केंद्राचे कागद घेऊन यावे, आणि केसपेपर काढतानाच ‘कार-टी घेतली आहे’ असे सांगावे.