फाटकाची स्प्रिंग आणि काळी जमीन

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन हे माजरी-आदिलाबाद लोहमार्गावरील गाव. परिसरात चुनखडक आणि कोळसा, शेतांत कापूस आणि तूर. या भागातील काळ्या जमिनीने कापूस पिकवला आणि कापसाच्या आधाराने व्यापार वाढला. परंतु हीच जमीन परसबागेचे किंवा गोदामाच्या आवाराचे फाटक बाराही महिने एका रेषेत उभे राहू देत नाही. फाटक आपोआप लागेनासे झाले की दोष स्प्रिंगला दिला जातो आणि लगेच तिचा ताण वाढवला जातो. बहुतेक वेळा एकाचे देणे दुसऱ्याच्या खात्यावर टाकावे, तसा हा प्रकार असतो. देणे खांबाचे असते. भरावे लागते स्प्रिंगला.

स्प्रिंगचा व्यवहार अगदी सरळ आहे. फाटक उघडणारा मनुष्य जेवढा जोर लावतो, तेवढा ती जमा करून घेते आणि हात सुटताच परत करते. स्वतःच्या पदरचे ती काहीही देत नाही. परतफेडीतून गंजलेली बिजागरी, जमिनीला घासणारी खालची पट्टी आणि अडकणारी खिट्टी आपापला वाटा कापून घेतात. उरलेल्या जोरावर फाटक लागले तर लागते. हा कापला जाणारा वाटा कमी न करता नुसता ताण वाढवला, तर फाटक कदाचित लागेलही. पण ते उघडताना प्रत्येक वेळी प्रत्येकाला जास्त जोर मोजावा लागतो. घरातील वृद्धांना आणि मुलांना तो सर्वांत जड जातो.

ताण आणि जोर यांचे प्रमाण दुकानदारी करणाऱ्या कुटुंबांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जुना हुकाचा स्प्रिंग-काटा याच नियमावर चालतो. वजन दुप्पट झाले की स्प्रिंगचा ताणही दुप्पट होतो. इंग्लंडमधील रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. परंतु या नियमाला मर्यादा आहे. ठरावीक हद्दीपलीकडे ओढलेली स्प्रिंग पूर्वस्थितीला येत नाही. तिची वेटोळी विस्कटतात आणि ती कायमची सैल होते. क्षमतेपेक्षा जास्त वजन टांगलेला काटा पुढे खोटे माप दाखवू लागतो, त्यातलाच हा प्रकार.

विदर्भाच्या उन्हाळ्यात स्प्रिंग ‘मऊ पडते’ असा एक समज आढळतो. तो हिशेबाला उतरत नाही. हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला, तरी पोलादी स्प्रिंगचा जोर शेकडा एकाच्या आसपासच घटतो. तेवढ्या फरकाने तीन फूट रुंदीचे लोखंडी फाटक जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. याउलट चार फूट उंचीचा खांब केवळ एक अंशाने कलला, तर त्याचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर सरकते. एकीकडे अर्धा मिलिमीटर आणि दुसरीकडे वीस मिलिमीटर! खिट्टी चुकण्याचे खरे कारण कोणते, हे या दोन आकड्यांवरूनच ठरते.

खांब कलतो तो जमिनीमुळे. काळ्या मातीतील चिकण कण पावसाचे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. मग जमिनीला खोल भेगा पडतात. खांबाच्या एका बाजूला नळाचे किंवा बागेचे पाणी मुरत असेल आणि दुसरी बाजू कोरडी असेल, तर दोन्ही बाजूंची हालचाल सारखी होत नाही आणि खांब झुकतो. त्यामुळे वैशाखात बेताची बसवलेली स्प्रिंग श्रावणात अपुरी वाटते, आणि श्रावणात आवळलेली पुढच्या उन्हाळ्यात फाटक दाणकन आपटते.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम स्प्रिंग काढून किंवा पूर्ण सैल करून फाटक मोकळे करावे. ते अर्धे उघडून सोडले असता जागच्या जागी राहिले पाहिजे. आपोआप एका बाजूला जात असेल, तर बिजागऱ्या एका उभ्या रेषेत नाहीत किंवा खांब कललेला आहे. खांबाला दोन्ही अंगांनी ओळंबा लावला की किती कलला आहे ते दिसते. त्यानंतर फाटकाची खालची कड पाहावी. पावसाळ्यात जमीन वर येते, हे लक्षात घेऊन तिथे दोन-अडीच इंच मोकळी जागा असावी. पुढे खिट्टी आपल्या खोबणीसमोर नीट येते की नाही ते पाहावे. शेवटी बिजागरी स्वच्छ करून तेल द्यावे. बिजागरीच्या नळीत मुंग्या किंवा कुंभारमाशीचे घर असण्याचा संभव असतो; म्हणून तेल सोडण्यापूर्वी आत पाहून मऊ ब्रशने जपून जागा मोकळी करावी. एवढे झाल्यावर अनेकदा जुनाच ताण पुरेसा असल्याचे आढळते.

तरीही ताण बदलावा लागला, तर स्प्रिंगचा प्रकार ओळखावा. फाटक आणि खांब यांच्यामध्ये आडवी अडकवलेली लांब स्प्रिंग असेल, तर तिच्या टोकाला साखळीचा छोटा तुकडा जोडणे सोयीचे होते. एक कडी कमी-अधिक केली की ताण बदलतो. पिळाची स्प्रिंग असलेल्या बिजागरीच्या कड्यावर छिद्रे असतात. त्यातील एका छिद्रात पोलादी सळई पूर्ण आत घालावी आणि सळईवर जोर धरून पिन काढावी. मग कडे एकच छिद्र पुढे फिरवून पिन परत बसवावी. पिन पूर्ण बसल्याची खात्री होईपर्यंत सळई सोडू नये. काही बिजागऱ्यांत हेच काम षटकोनी किल्लीने होते. सळईऐवजी खिळा किंवा पेचकस वापरणे धोक्याचे आहे. तो निसटला तर साठलेला सगळा जोर एका क्षणात मोकळा होतो आणि बोट किंवा डोळा जायबंदी होऊ शकतो. काम करताना चष्मा असावा, चेहरा स्प्रिंगच्या रेषेबाहेर असावा आणि मुले दूर असावीत. दोन बिजागऱ्यांवर स्प्रिंग असेल, तर दोन्हींचा ताण सारखाच वाढवावा. एका वेळी एकच टप्पा वाढवून फाटक दहा वेळा उघडून-मिटून पाहावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा.

किती ताण योग्य, याची कसोटी सोपी आहे. फाटक पूर्ण उघडून सोडावे, तसेच खिट्टीपासून वीतभर अंतरावरून सोडावे. दोन्ही वेळा खिट्टी स्वतःहून पडेल असा कमीत कमी ताण तोच योग्य ताण होय. वीतभर अंतराची कसोटी अधिक कठीण असते. कारण मिटत आलेल्या फाटकाला वेग नसतो आणि स्प्रिंगचा जोरही तिथे सर्वांत कमी उरलेला असतो. आता हुकाचा काटा खिट्टीच्या जागी अडकवून फाटक ओढावे. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी ठरवलेल्या निकषांनुसार इमारतीच्या आतील दार उघडण्यास ५ पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोंहून अधिक जोर लागू नये. आवाराच्या फाटकालाही हा आकडा मार्गदर्शक मानण्यास हरकत नाही. काटा फार अधिक दाखवू लागला, तर आणखी आवळणे थांबवून खांबाकडे परत वळावे.

जादा ताणाची किंमत नुसत्या आवाजावर भागत नाही. तीन फुटांच्या फाटकावर खिट्टीजवळ जाणवणारा दोन किलोंचा दाब बिजागरीपासून दोन इंचांवर अठरा पटींनी वाढतो आणि छत्तीस किलोंच्या घरात जातो. लहान मूल खिट्टीपेक्षा बिजागरीच्या फटीतच बोटे घालते. मांजरीचे पिल्लू आणि खारही त्याच बाजूने निसटू पाहतात. त्या फटीवर रबरी पट्टी आणि खिट्टीच्या बाजूला रबरी ठोकळा लावण्यास अगदी थोडा खर्च येतो.

अपुऱ्या ताणाची किंमत मात्र याहूनही मोठी असू शकते. परसबागेत गुरे शिरली तर भाजी जाते, पण ती पुन्हा लावता येते. शेततळ्याची गोष्ट निराळी आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि गावोगावी तळी झाली. ज्या तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर असते, त्यांचा उतार ओला झाला की गुळगुळीत होतो. आत घसरलेल्या मुलाला, आणि कधी त्याला वाचवण्यास उतरलेल्या मोठ्या माणसालाही, वर येण्यास आधार सापडत नाही. अशा तळ्याभोवतीचे कुंपण हे त्याच्या फाटकाइतकेच भक्कम असते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात घरगुती जलतरण तलावांसाठी १९९२ पासून स्वतंत्र कायदा आहे. तेथे तलावाच्या कुंपणाचे फाटक आपोआप मिटणारे आणि आपोआप खिट्टी पडणारे असावे लागते. फाटक कोणत्याही स्थितीतून सोडले तरी ते लागले पाहिजे, हा त्यामागील दंडक. शेततळे असलेल्या प्रत्येक कुटुंबाने तो स्वतःहून पाळावा असा आहे. तिथे खिट्टी मुलाच्या हाताला न पोहोचेल इतकी उंच असावी, फाटक तळ्याच्या विरुद्ध दिशेला उघडावे, आणि काम सुरू असताना दगड लावून ते उघडे ठेवण्याची सवय मोडावी. दगड लावलेल्या फाटकाला कोणतीही स्प्रिंग उपयोगी पडत नाही.

कायमचा उपाय पायात आहे. खांबाचा खड्डा भेगांच्या थरापेक्षा खोल न्यावा, तळाशी काँक्रीटची रुंद बैठक द्यावी आणि भोवतीची काळी माती काढून मुरूम भरून ठोकावा. पागोळीचे आणि बागेचे पाणी तिथे साचू देऊ नये. तोवर वर्षातून दोन तपासण्या पुरेशा आहेत. पहिली चातुर्मासाच्या आरंभी, जमीन फुगल्यावर. दुसरी होळीच्या सुमारास, भेगा दिसू लागल्यावर. प्रत्येक वेळी तारीख, पिन कितव्या छिद्रात आहे आणि काट्यावर किती किलो आले, एवढे तीन आकडे वहीत नोंदवावेत. वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी समोर असल्या की दोष स्प्रिंगचा की खांबाचा, हे वहीच सांगते.