सगळं बिल थायरॉईडच्या नावावर

आपल्याकडे वजन वाढलं की थायरॉईड, केस गळले की थायरॉईड, सुनेची चिडचिड झाली तरी थायरॉईड. पण थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईचं वजन आपसूक उतरू लागलं, तर शंका कुणाला येत नाही, कौतुकच होतं. आमच्या आत्याचं तेच झालं. वर्षभराच्या आत ६२ किलोंवरून ५६. ना चालणं वाढवलं, ना भात सोडला. बांगड्या कोपराकडे सरकत होत्या आणि भिशीतल्या मैत्रिणी डाएट विचारत होत्या.

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं, तर डॉक्टर ते गांभीर्यानं घेतात. आत्याचं १० टक्क्यांच्या घरात गेलं होतं. गोळीचा डोस जास्त झाला की वजन उतरतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात, हे खरंच आहे. त्यात रक्ताच्या तपासणीत टीएसएच एकदम कमी आला, म्हणजे डोस जास्त झाल्याचीच खूण. शंभरची गोळी पंचाहत्तरवर आणायची, असं घरातल्या घरात ठरूनही गेलं!

फॅमिली डॉक्टरांनी आधी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. तीतून पार्लरवालीनं सुचवलेली, केसांसाठीची बायोटिनची गोळी निघाली. रक्तात बायोटिन जास्त असलं की काही तपासण्यांत टीएसएच उगाचच कमी दिसतो. शरीर ठीक असतं, रिपोर्ट चुकतो. ती गोळी थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच अगदी नॉर्मल.

घरच्यांनी हुश्श केलं. मला याचंच नवल वाटतं. अहो, मग सहा किलो गेले कुठे?

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘रात्री लघवीला किती वेळा उठता?’’ तीन-चारदा. तहान? ‘‘उन्हाळाच आहे की!’’ इति आत्या. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ११च्या वर आला. ६.५ला मधुमेह धरतात.

साखर नीट निघाली असती, तरी डॉक्टर थांबणार नव्हते. क्षय, सिलिॲक, कॅन्सर, नैराश्य, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ॲडिसन, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी कमी पडण्याचा आजारही; थायरॉईडवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटलेल्यांत तो इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो, म्हणून त्यांनी तळहाताच्या रेषा काळवंडल्यात का ते पाहिलं. आणि कवळी सैल झाल्यानं जेवण कमी झालंय का, हेही विचारून घेतलं.