आठ येतो, थांबता येत नाही

आरटीओच्या मैदानावर सकाळपासूनच रांग लागलेली असते. जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यावरून एकेक उमेदवार गाडी फिरवतो आणि कडेला उभे असलेले मित्र, मामा, ड्रायव्हिंग स्कूलवाले श्वास रोखून त्याच्या बुटांकडे पाहत राहतात. पाय टेकला की नापास. नाही टेकला की पास, वर टपरीवर चहा आणि वडापाव. या सगळ्या सोहळ्यात गाडीचा वेग जेमतेम माणसाच्या चालण्याइतका. पुढे ज्या दिवशी याच मुलासमोर गल्लीतून रिक्षा आडवी येईल, त्या दिवशी काटा 40-50 वर असेल आणि आठ काढायला जागाही नसेल.

कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 15 वा नियम उमेदवाराला काय काय यायला हवं ते सांगतो. आणीबाणीत वाहन थांबवता येणं त्यात आहे. पण मैदानावर भाव आठलाच. ब्रिटनमध्ये 2009 पासून मोटरसायकलच्या चाचणीचा एक भाग बंद आवारात होतो. उमेदवाराने ताशी किमान 50 किलोमीटरचा वेग गाठायचा, तो यंत्राने मोजला जातो, आणि परीक्षकाची खूण होताच गाडी ताब्यात ठेवून झटकन थांबवायची. जमलं नाही तर परवाना नाही, मग बाकी चालवणं कितीही देखणं असो.

थांबायला लागतं तरी किती? दुचाकीवाल्याला विचारा, तो हाताने साधारण रिक्षाएवढं अंतर दाखवील. हिशेब वेगळं सांगतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काही आलं हे डोळ्यांना दिसणं, मेंदूला कळणं आणि हात लिव्हरवर जाणं यात सावध माणसाचाही एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच 17 मीटर संपले. त्यापुढे कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि सरावलेला हात असेल तर आणखी साधारण 20 मीटर. एकूण 36-37. पुण्यातल्या पीएमपीच्या 12 मीटर लांबीच्या तीन बस एकामागे एक उभ्या केल्या, की तेवढं अंतर होतं.

वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. उत्तरपत्रिकेबाहेर ते फारसं येत नाही. म्हणून तोच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहावा. दोन मित्र शेजारी-शेजारी चालले आहेत, एक 60 ने, दुसरा 80 ने. दोघांना एकाच क्षणी म्हैस दिसली, दोघांनी सारख्याच चपळाईने, सारख्याच जोराने ब्रेक लावले. 60 वाला म्हशीच्या पुढ्यात येऊन थांबला. त्या जागी 80 वाल्याचा वेग किती उरला असेल? बहुतेक जण 20 म्हणतात, फार तर 30. प्रत्यक्षात तो 60 च्या थोडा वरच असतो. मित्र जिथे उभा आहे, तिथून हा मित्राच्या मूळ वेगाने पुढे जातो.

हा झाला सरावलेला हात. आपल्याकडचा हात पुढच्या ब्रेकपाशी जातच नाही, हे खरं दुखणं. 'पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील,' हा उपदेश मराठी घरात चावीसोबतच मिळतो. प्रस्तुत लेखकालाही तो मिळाला, वडिलांच्या चेतक स्कूटरसोबत, आणि त्याने तो पुढची वीस वर्षं इमानाने पाळला. एका गॅरेजवाल्याला तर त्याने पुढचा ब्रेक सैल करून द्यायला सांगितलं होतं. गॅरेजवाल्यानेही काही न विचारता करून दिला. असं सांगणारा तो पहिलाच नसणार.

चेतकच्या काळात त्या सल्ल्यात तथ्य होतं. लहान चाकं, ड्रम ब्रेक, उजव्या अंगाला टांगलेलं इंजिन आणि वाळूने भरलेले रस्ते. पुढचं चाक जाम झालं की स्कूटर माणसाला बाजूला टाकून मोकळी. गाड्या बदलल्या, चाकं मोठी झाली, पुढे डिस्क आली. उपदेश मात्र वारसाहक्काने तसाच उतरत गेला.

ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं. गचकन थांबलेल्या एसटीत उभे प्रवासी ड्रायव्हरच्या दिशेने कलंडतात, तेच गाडीचं होतं. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, त्याची पकड वाढते. मागचा हलका होतो आणि जरा जास्त पाय पडला तर जाम होऊन घसरू लागतो. म्हणून जोरात थांबताना बहुतेक काम पुढच्या ब्रेकचं असतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला थांबायला दुपटीच्या आसपास अंतर लागतं. रस्त्यावर उमटलेली मागच्या टायरची लांब काळी रेघ पाहून लोक म्हणतात, बिचाऱ्याने ब्रेक तर करकचून मारला होता. मारला होता खरा, पण चुकीचा.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी (आडनाव हर्टच, काय करणार) लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला. 1981 मध्ये अहवाल आला. संकट उभं राहिल्यापासून धडकेपर्यंत चालकाला मिळालेला वेळ सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी होता. त्या वेळात बहुतेकांनी मागचं चाक जाम केलं आणि पुढचा ब्रेक अपुरा वापरला. अपघातग्रस्तांपैकी 92 टक्के स्वतःच शिकलेले, नाहीतर घरच्यांनी किंवा मित्रांनी शिकवलेले होते. संकट दिसलं तेव्हाचा मध्यक वेग ताशी 48 किलोमीटर निघाला, धडकेच्या क्षणीचा 35. म्हणजे ही शर्यतबाज पोरं नव्हेत, साध्या वेगाने चाललेली माणसं.

भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यांत सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. पुण्यात हेल्मेटवरून वाद झडतात, सक्तीविरोधी समित्या होतात. ब्रेकवरून वाद नाही, कारण त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

एबीएस आहे की, असं कोणी म्हणेल. बीएमडब्ल्यूने 1988 मध्ये ते मोटरसायकलवर आणलं आणि भारतात एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं झालं. चाक जाम होऊ लागलं की यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडते आणि पुन्हा धरते. जीव वाचवणारी गोष्ट आहे, शंका नाही. पण पुष्कळ गाड्यांवर ते फक्त पुढच्या चाकाला असतं आणि मडगार्डवरचं स्टिकर हे सांगत नाही. शिवाय एबीएस काम करू लागलं की लिव्हर बोटांखाली थरथरते. तो थरथराट आयुष्यात पहिल्यांदा भर चौकात जाणवला तर माणूस दचकून हात सैल करतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ब्रेक सोडतो. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना त्याच नियमाने एबीएस किंवा एकत्रित ब्रेक, यांपैकी काहीतरी द्यावं लागलं. एकत्रित ब्रेकमध्ये एक लिव्हर किंवा पेडल दाबलं की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. पण चाक जाम होणं तो अडवत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही.

मग हात तयार करायचा कसा? मोकळं मैदान हवं, डांबरी किंवा सिमेंटचं, खडी-माती झाडलेलं, आणि वापरायला परवानगी असलेलं. रविवारची सकाळ, हेल्मेट, बूट, जाड जॅकेट, हातमोजे. टायरची हवा आधी तपासलेली. खडूने एक रेघ मारायची आणि चाक रेघेवर आलं की ब्रेक. सुरुवात 20 च्या वेगाने, मग 30, हात बसल्यावर 40. लिव्हर खेचायची नाही, पिळायची. गायीची धार काढणारा हात पाहिला असेल तर सांगायला नको: आधी हलकी पकड, मग दाब वाढत जातो, झटका कुठेच नाही. सुरुवातीच्या हलक्या दाबाने वजन पुढे येतं, टायर रस्ता धरतो. त्यानंतर हवा तेवढा जोर लावावा. झटका दिला तर वजन यायच्या आतच चाक अडकतं. एबीएस नसलेल्या गाडीचं पुढचं चाक घसरतंय असं वाटलं तर लिव्हर क्षणभर सैल करून पुन्हा पिळायची. गाडी सरळ हवी, वळणात कललेली नको. नजर दूर, कारण म्हशीकडे पाहत राहिलेला माणूस म्हशीवरच जातो. थांबल्यावर रेघेपासून पावलं मोजायची आणि आकडा लिहून ठेवायचा.

30 ने थांबायला दहा पावलं लागली असतील तर 40 ने बारा-तेरा लागतील असा अंदाज असतो. लागतात अठराच्या आसपास. तिथे उभं राहून माणूस मागे वळून रेघेकडे पाहतो, तेव्हा शाळेतलं ते चौपटीचं सूत्र त्याला पहिल्यांदा कळतं. मग कोणाला तरी मागे बसवून तोच खेळ पुन्हा करावा. डबलसीट गाडी वेगळीच वागते, वजन मागे असल्यामुळे मागचा ब्रेक जास्त उपयोगी पडतो, आणि मागचा माणूस पाठीवर येऊन आदळतो, तेही एकदा अनुभवून ठेवलेलं बरं. पावसात पकड निम्म्याच्या जवळ येऊ शकते. झेब्रा पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं तर साबणासारखी होतात, ती ओलांडेपर्यंत ब्रेकला हात लावू नये.

प्रस्तुत लेखकाने पन्नाशी जवळ आल्यावर हे केलं. पहिल्या दिवशी बोटं ऐकेनात. डोकं पुढचा ब्रेक म्हणत होतं आणि पाय आपला जुन्या सवयीने मागच्या पेडलवर नाचत होता. तिसऱ्या रविवारी हात आपणहून जाऊ लागला. परतताना त्याने गॅरेजात थांबून पुढच्या ब्रेकचे लायनर बदलून घेतले. जुने जवळजवळ नवेच निघाले.

परवाना हातात आलेल्या मुलामुलींना गाडीची चावी देणाऱ्या आईबापांनी तेवढं करावं: एक रविवार काढून मैदानावर जावं, खडूची रेघ मारावी आणि त्यांच्याकडून वीस वेळा गाडी थांबवून घ्यावी.