सेवेचं तिकीट काढण्याआधी

परवा रात्री बहिणीचा फोन आला. आवाजात काळजी होती अन् थोडा अभिमानही. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आफ्रिकेतल्या एका देशात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचंय. दोन आठवडे अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि दोन आठवडे खेड्यातल्या दवाखान्यात मदत करायची. विमानाचं भाडं, राहणं-जेवण आणि नेणाऱ्या कंपनीची फी मिळून खर्च दोन लाखांच्या वर जातोय. भाऊजी एफडी मोडायला तयार आहेत. "तू समाजकार्य करतेस ना, मग तूच सांग. पाठवू का नको?" बहिणीनं विचारलं.

खरं सांगते मैत्रिणींनो, माझ्या तोंडात 'पाठव' हाच शब्द आला होता. आमच्या मंगरूळपीरहून मुलीला अकोल्याला कॉलेजात पाठवायचं म्हटलं तरी घरात चार दिवस खलबतं चालतात. तिथे एक मुलगी समुद्रापार जाऊन सेवा करायचं म्हणते, तिला मी का अडवू? मुलीची जात, परका देश, लोक काय म्हणतील, ही कारणं मला कधीच पटली नाहीत. तरीही मी बहिणीला म्हटलं, "मला दोन दिवस दे." कारण मला आमची तांड्यावरची फेरी आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महिला मंडळानं तालुक्यातल्या एका तांड्यावर 'आरोग्य जागृती' करायचं ठरवलं. आम्ही बारा जणी जीप करून गेलो. साबण वाटले, बिस्किटांचे पुडे वाटले. मी रक्तक्षयावर अर्धा तास भाषण दिलं. पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या नियमित घ्या... समोरच्या बाया माना डोलवत होत्या. फोटो झाले, दोन दिवसांनी पेपरात छापूनही आले. निघताना तिथली आशाताई जीपपाशी आली अन् म्हणाली, "ताई, बोललात ते समदं बरोबर हाय. पण पुन्हा कव्हा येसान?"

पुन्हा यायचं तर आमच्या डोक्यातही नव्हतं!

त्या आशाताईकडून मग कळलं की बायांना गोळ्या मिळत नाहीत असं नव्हतंच. गोळ्या घरात पडून होत्या. घेतल्या की मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बाया घाबरून बंद करायच्या. कुणी चहासोबत घ्यायच्या, म्हणजे अंगी लागायच्याच नाहीत. काळं होणं नेहमीचंच आहे, भिऊ नका, जेवणानंतर घ्या, चहा मागाहून प्या, लिंबू पिळून खा, हे कुणीतरी शेजारी बसून, त्यांच्या बंजारा बोलीत, पुन्हा पुन्हा सांगायला हवं होतं. माझं भाषण शुद्ध मराठीत झालं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. तो एका भाषणानं हटणारा नाही.

आता विचार करा. आम्ही याच तालुक्यातल्या. आमचं हवापाणी एक, बाजार एक, बिरबलनाथ महाराजांची यात्रा एक. तरी आमची ही गत झाली. मग भाषा येत नाही, जेवण ठाऊक नाही, आजार ठाऊक नाहीत, अशी बावीस वर्षांची पोर चार आठवड्यांत तिथे काय करणार? हा प्रश्न तिच्या हिमतीचा नाही. ती ज्यांच्यासाठी जातेय म्हणते, त्यांच्या हिताचा आहे.

आधी अनाथाश्रमाचंच पाहू. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत याच सेवा-सहलींनी मोठा घोळ करून ठेवला. पैसे भरून मुलांना भेटायला येणारे परदेशी पाहुणे वाढले, तशा त्यांच्यासाठी संस्थाही वाढल्या. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफसारख्या संस्थांनीच दाखवून दिलं. शिक्षणाच्या आशेनं गरीब आईबापांनी मुलं सोडली आणि ती 'अनाथ' म्हणून दाखवली गेली. ऑस्ट्रेलियानं तर २०१८ साली गुलामगिरीविरोधी कायदा करताना मुलांच्या या व्यापाराची दखल घेतली. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवी ताई येणार, जीव लावणार अन् निघून जाणार. आपल्या लेकराच्या बाबतीत आपण हे चालवून घेऊ का? शाळेतली बाई वर्षात दोनदा बदलली तरी आपण मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जातो.

दवाखान्याचंही तेच. भाचीनं नर्सिंग केलेलं नाही, ती राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. आपल्या ग्रामीण रुग्णालयात तिला कुणी इंजेक्शन हातात देईल का? मग जे काम इथल्या रुग्णाच्या अंगावर करू देणार नाहीत, ते दुसऱ्या देशातल्या गरिबाच्या अंगावर करायचा अधिकार पैसे भरल्यानं कसा मिळतो?

याचा अर्थ परदेशी सेवेला जाऊच नये असा नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांची कहाणी शांतारामबापूंच्या सिनेमामुळे घरोघरी पोचली. पण त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. हे पथक चीनकडून मागणी आली म्हणून गेलं. जाणारे शिकलेले डॉक्टर होते. कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथेच संसार थाटला आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. आजही 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही १९७१ साली सुरू झालेली, नोबेल मिळालेली संस्था लोकांना युद्धात, साथीत पाठवते. ती कामाचा अनुभव असलेली माणसं पारखून घेते आणि जाणाऱ्याकडून फी घेत नाही. उलट मानधन देते. दोन लाख घेऊन कुणालाही नेणारी कंपनी आणि ही संस्था, यांतला फरक आपल्याला कळायला हवा.

मग सामान्य मुलीनं, ज्या अजून डॉक्टर-नर्स नाहीत त्यांनी, काहीच करू नये का? करावं ना! त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. तिथले बालमृत्यू नव्वदच्या दशकात राज्यभर गाजले. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेनं १९९७ पासून तिथे पावसाळ्यात धडक मोहीम सुरू केली. पावसाळाच का? तर तेव्हा घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आईबाप शेतावर असतात, रस्ते तुटतात, हगवण अन् न्यूमोनिया वाढतो. नेमक्या त्या दिवसांत शहरातले स्वयंसेवक दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी गेले. एक तुकडी परतली की दुसरी हजर. गावोगाव पायी फिरायचं, आजारी लेकरू वेळेत हेरायचं, त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं. यातलं पुष्कळसं काम डॉक्टर नसलेल्या माणसालाही नीट शिकवलं तर जमतं. दहा दिवस म्हणजे थोडेच, पण ते एका लांब साखळीतले दहा दिवस होते आणि गावातली माणसं त्या साखळीत होती. संस्थेनं तिथल्या मुलांसाठी शाळाही चालवली, तिथेही बाहेरचे लोक पाळीपाळीनं शिकवायला गेले. घरी कोरकू बोलणाऱ्या लेकराला मराठी पुस्तक समजावून देणं किती कठीण, ते तिथे गेलं की कळतं.

आता उलटी गंमत पाहा. आपण सेवेला परदेशात जायचं म्हणतो आणि परदेशातले लोक आपल्या खेड्यात शिकायला येतात! नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी अमेरिकेत शिकून आले आणि १९७० साली त्यांनी काम सुरू केलं. शहरातल्या नर्स खेड्यात टिकेनात. तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. गरोदर बाईची काळजी, लेकराचं वजन, हगवणीत साखर-मिठाचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे त्या शिकल्या अन् गावाला शिकवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून डॉक्टर, विद्यार्थी जामखेडला येऊ लागले आणि या बायांपुढे बसून धडे घेऊ लागले. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ तर ऐंशीच्या दशकात थेट वॉशिंग्टनला, मोठमोठ्या तज्ज्ञांपुढे बोलून आल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच केलं. ३९ गावांत स्थानिक बायांना त्यांनी नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे २०११ पासून देशातल्या आशाताईंच्या कामात ही घरी जाऊन बाळ तपासण्याची पद्धत आली. आज आपल्या गल्लीतली आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा वेळा येते, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, ती उगीच नाही येत. तिच्या त्या पिशवीमागं एवढा इतिहास आहे. अन् याच आशाताईंना मोबदल्यासाठी २०२१ मध्ये, पुन्हा २०२३ मध्ये संप करावा लागला. परदेशातल्या सेवेला आपण एफडी मोडतो, दारी येणाऱ्या सेवेला पाण्याचा पेलाही विचारत नाही. माझा राग आहे तो यावर.

तर दोन दिवसांनी मी भाचीला फोन केला. म्हटलं, "जाऊ नको असं मी म्हणणार नाही. पण कंपनीला एवढं विचार. तुम्हाला त्या गावानं बोलावलंय का, आणि कुठल्या कामासाठी? माझ्या पैशातले किती रुपये गावापर्यंत पोचतात? मुलांमध्ये पाठवण्याआधी माझी पोलिस पडताळणी करणार का? पर्यटक व्हिसावर हे काम करायची त्या देशात परवानगी आहे का? अन् मी परत आल्यावर माझ्या जागी कोण?" शिवाय पीतज्वराची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांतून तिच्या प्रमाणपत्राशिवाय परतलं तर इथे वेगळं ठेवतात, मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं लागतं, विमा लागतो, हेही सांगितलं. कंपनीनं त्यातलं काही बोललं होतं का? नाही!

आठवड्यानं तिला उत्तर आलं. पाचांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. महिनाअखेर पैसे भरल्यास दहा टक्के सवलत मिळेल, एवढं मात्र होतं.

भाची हिरमुसली. "म्हणजे मावशी, मी आता घरातच बसू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मुळीच नाही. जग पाहायचं असेल तर खुशाल पर्यटक म्हणून जा. त्यात कमीपणा काय? फक्त त्याला सेवा म्हणू नको. आणि सेवाच करायची असेल तर आधी काहीतरी हाताशी येऊ दे. नर्सिंग शीक, शिक्षिका हो, हिशेब शीक, एक परकी भाषा शीक. मग ज्यांना तुझी गरज असेल, ते तुझं तिकीट काढून तुला नेतील." ती थोडी रागावलीच आहे अजून. बहीणही म्हणते, तू पोरीचा उत्साह घालवलास. असेलही. पण एफडी अजून शाबूत आहे, आणि तीच उद्या तिच्या शिक्षणाला लागेल.

आमच्या मंडळाचं काय झालं, तेही सांगते. बारा जणींतल्या चौघी त्या तांड्यावर पुन्हा गेलो, या वेळी साबण-बिस्किटं न घेता. आशाताईला विचारलं, "तुला काय हवं?" तिला भाषण नको होतं. तिला रजिस्टर भरायला कुणीतरी सोबत हवं होतं. अन् दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुली शाळेतून सुटू नयेत, आजीपाशी राहाव्यात, म्हणून त्या घरांत जाऊन बोलायला चार शिकलेल्या बाया हव्या होत्या. दोन्ही कामं अगदी साधी. यांचा फोटोही निघत नाही. दर गुरुवारी जातो. कधी चौघी, कधी दोघीच. सगळ्या मुली थांबल्या असं नाही, पण काही थांबल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली लेक उद्या असंच 'मला सेवेला जायचंय' म्हणाली, तर तिला अडवू नका. फक्त तिला घेऊन आधी आपल्या गावच्या आशाताईकडे जा, अन् 'तुला काय हवं?' एवढंच विचारायला सांगा. उत्तर ऐकून घेणं तिला जमलं, तर ती कुठल्याही देशात गेली तरी कामाची ठरेल.