नकार द्यायचा तर लेखी द्या

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज खिडकीवरून परत येतो तेव्हा त्याच्यासोबत बहुधा कागद येत नाही, नुसते वाक्य येते. ‘टक्के भरत नाहीत’, ‘उत्पन्नाचा दाखला जुना झाला’, ‘कमिटी बसली की बघू’. या वाक्याखाली सही नसते, तारीख नसते, जावक क्रमांक नसतो. ज्या नकारावर कुणाची सही नाही, त्याविरुद्ध अपील कशाचे करणार? दिव्यांगांच्या हक्कांची अर्धीअधिक लढाई या एका बिनसहीच्या वाक्यात हरली जाते, आणि तिची नोंद कुठल्याही कोर्टाच्या बोर्डावर लागत नाही.

हे पुण्यात घडावे याची जास्त खंत वाटते. दिव्यांगांबाबत ज्यांच्या शब्दाला राज्यात वजन आहे, ती कार्यालये याच शहरात आहेत. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय चर्च रोडवर आहे. प्रमाणपत्रे देणारे ससून आणि औंधचे जिल्हा रुग्णालय इथेच आहे. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1924 साली सुरू झालेले आयएलएस विधी महाविद्यालय आहे आणि त्याच्या मागोमाग उभी राहिलेली अर्धा डझन महाविद्यालये दरवर्षी नवे वकील बाहेर काढतात. इतके असूनही व्हीलचेअरवरच्या अर्जदारासोबत तहसील कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत जर कुणी येत असेल, तर तो एजंट असतो.

एजंटाला शिव्या देणे सोपे आहे. पण तो तिथे का टिकून आहे, हे पाहायला हवे. या योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत लागते. दिव्यांगांसाठी ती मर्यादा 50 हजार आहे. म्हणजे महिन्याला साधारण 4,200 रुपये. पुण्यात चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा यापेक्षा जास्त कमावते आणि त्यातले निम्मे खोलीभाड्यात घालवते. तिच्या दिव्यांग मुलाला अनुदान हवे असेल तर तिने एक तर अर्जच करू नये किंवा खोटे बोलावे, असा हा नियम सांगतो. खोटे बोलायचे तर दाखला हवा, आणि दाखला ‘करून देणारा’ माणूस हवा. मर्यादा वास्तवाला धरून असती तर एजंटाचा निम्मा धंदा आपोआप बसला असता.

कायदा मात्र एजंटाची नाही, वकिलाची सोय करून बसला आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ आला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यातून 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि तिचे उत्पन्न किती हे विचारायचे नसते. इतरांना असलेली उत्पन्नाची चाळणी दिव्यांगांना, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना नाही. याच कायद्यातली ‘विधी सेवा’ची व्याख्या तर फारच थोड्यांनी नीट वाचली असावी. तिच्यात न्यायालयापुढचे काम येते, तसेच ‘अन्य प्राधिकरणा’पुढचे कामही येते आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्लाही येतो. तहसीलदार हे प्राधिकरण नाही काय? वैद्यकीय मंडळ नाही काय? त्यावर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विधी सेवा प्राधिकरणांना आणखी बजावले, की दिव्यांगांना तुमच्या प्रत्येक योजनेपर्यंत इतरांच्या बरोबरीने पोहोचता येईल अशी तजवीज करा. एवढे सगळे असून विधी साहाय्याचा वकील उभा राहतो तो खटल्यात. अलीकडे गाजावाजा झालेली विधी साहाय्य बचाव वकील योजनाही फौजदारी खटल्यांपुरतीच आहे. तिची गरज आहेच. पण दिव्यांग माणसाचा तंटा बहुतेक वेळा न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. तो खिडकीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो.

खासगी वकिलाने या कामात का पडावे, याचे उत्तर हिशेबात नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेच्या अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी लढणाऱ्या वकिलांचा एक वेगळा व्यवसायच आहे, कारण तिथे दावा जिंकला तर थकबाकीच्या 25 टक्क्यांपर्यंत फी वकिलाला मिळते. 2024 च्या अखेरीस तिची कमाल मर्यादा 9,200 डॉलर झाली. हरला तर फी नाही. आपल्याकडे निकालावर फी ठरवणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही, आणि ते बसत नाही हे बरेच आहे. पण मग महिन्याला अडीच हजारांच्या अनुदानासाठी भांडणाऱ्या माणसाकडे वकिलाला द्यायला काय उरते? बाजार हे काम करणार नाही, हे गृहीत धरूनच संसदेने मोफत वकिलाची तरतूद केली होती.

वकील काय करू शकतो, याचे एक उदाहरण घ्या. लाभांची दारे बहुतांशी 40 टक्के अपंगत्वाला उघडतात. एखाद्याच्या पायाचे अपंगत्व 30 टक्के आणि श्रवणदोष 20 टक्के असेल, तर वेगवेगळ्या विभागांत तपासून घेतलेले दोन्ही आकडे त्याला बाहेरच ठेवतात. पण मूल्यमापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकाहून अधिक दोषांसाठी सूत्र दिलेले आहे: मोठा आकडा घ्यायचा, तो नव्वदातून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून नव्वदने भागायचे आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. तीस आणि वीसचे असे 43 टक्के होतात. दोन प्रमाणपत्रे हातात घेऊन घरी परतलेला माणूस पात्र होता. त्याला हे सांगणारे कुणी भेटले नाही एवढेच. हे काम डॉक्टरचे नव्हे, नियम वाचू शकणाऱ्या माणसाचे आहे. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते, असे दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 59 सांगते. रुग्णालयांच्या भिंतींवर तंबाखूपासून डेंग्यूपर्यंत सगळ्याचे फलक असतात. या कलमाचा फलक का नसावा?

उलट वाट अरुंद होत चालली आहे. त्याच कायद्याच्या 2017 च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीने ती तीन महिने केली आणि दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होईल, अशी तरतूद घातली. अर्ज पडून कुणामुळे राहिला, हा प्रश्न तिथे गौण ठरतो. उशीर कार्यालयाचा असला तरी अर्ज अर्जदाराचाच निष्क्रिय होतो, नव्याने रांगेत तोच उभा राहतो.

वकिलांच्या गैरहजेरीची सर्वात मोठी किंमत मात्र एका व्यक्तीने नाही, राज्यातल्या सगळ्या दिव्यांगांनी मोजली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात त्यांची संख्या साडेएकोणतीस लाखांवर होती. दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याचे कलम 24 म्हणते, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच योजनांतल्या इतरांपेक्षा किमान 25 टक्क्यांनी जास्त असावी. संजय गांधी योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी आणि दिव्यांग एकाच छताखाली आहेत. जुलै 2023 मध्ये अनुदान हजारावरून दीड हजार झाले, ते सगळ्यांना सारखेच. दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. म्हणजे कायद्याने सांगितलेला फरक अनुदानाच्या रकमेत उतरायला आठ वर्षे गेली. तोही कुणी कलम 24 वाचून दाखवले म्हणून नव्हे. त्याआधी माजी आमदार बच्चू कडू यांना मोझरीच्या गुरुकुंजात अन्नत्याग करून बसावे लागले. मागणी सहा हजारांची होती. ज्या रकमेचा किमान भाग कायद्यानेच देणे होता, तो आंदोलनाची भीक म्हणून पदरात पडला. आठ वर्षांच्या फरकाचे काय, हा प्रश्न आजही एखाद्या याचिकेची वाट पाहतो आहे.

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांची गोष्ट आणखी वेगळी. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक खाते, अनुदान, वडिलांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, सगळे तिथे अडते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. निवृत्त सरकारी नोकरांच्या या शहरात किती आईबापांना हे वेळेवर कळते? आपल्या माघारी या मुलाचे कसे होईल, या काळजीने जे ऐंशीव्या वर्षीही झोपत नाहीत, त्यांनी पेन्शनच्या कागदांत मुलाचे नाव आणि अपंगत्व नोंदवले आहे की नाही, हे तपासून देणे हीसुद्धा विधी सेवाच आहे.

याच शहराने दुसरी बाजूही पाहिली. 2024 च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांचे प्रकरण पुण्यातून सुरू झाले आणि अपंगत्व प्रमाणपत्राचा विषय देशभर गाजला. लोकसेवा आयोगाने 31 जुलै 2024 रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली. त्यांनी आरोप नाकारले. दिल्ली उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकिलांमार्फत बाजू मांडली. तो त्यांचा हक्क होता. त्यानंतर राज्यात कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे आदेश निघाले. खोट्या लाभाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा दिव्यांग हक्क कायद्यातच आहे, तेव्हा पडताळणीला कुणाची हरकत असू नये. पण संशय वाढला की त्याचा चटका सर्वात आधी खऱ्याला बसतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला नामांकित वकील, आणि ज्याच्यावर नुसती शंका आहे त्याला पुन्हा तपासणीची तारीख, हे आपण मुकाट्याने मान्य करून टाकले आहे.

वकील असले की काय होते, हे पाहायला दूर जायला नको. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र यांमुळे जखमी जवान हा पुण्याच्या ओळखीचा माणूस आहे. लष्करी अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दावेही वर्षानुवर्षे नाकारले जात होते. माजी सैनिक लढत राहिले, त्यांचे वकील त्यात तरबेज झाले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. पुरावा कुणी द्यायचा, हेच त्या निकालाने उलटे केले. नागरी दिव्यांगांच्या वाट्याला असा निकाल यायचा तर आधी असे दावे उभे राहिले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाचे दार बंद नाही, हे अलीकडे दोनदा दिसले. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात, नुसत्या टक्क्यांवरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, असे ठरले. एप्रिल 2025 मध्ये डोळे मिचकावण्याची सक्ती करणाऱ्या केवायसीवरून, डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

आम्ही काही नवा कायदा मागत नाही. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पॅनेलवरचा एक वकील आणि दोन विधी स्वयंसेवक, ज्या दिवशी अपंगत्व तपासणी असते त्या दिवशी ससून आणि औंधच्या रुग्णालयांत आणि तहसील कचेरीच्या संजय गांधी शाखेत बसवावेत. शहरातल्या विधी महाविद्यालयांना विधी साहाय्य केंद्र चालवणे बंधनकारकच आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शिबिराच्या फलकाखाली छायाचित्रे काढण्यापेक्षा वर्षभर अर्ज भरून द्यावेत. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एक साधा आदेश काढावा: कोणताही अर्ज नाकारताना कारण, नियमाचा आधार, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचे, हे सहीनिशी मराठीत लिहून द्यायचे. असा आदेश काढायला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची परवानगी.

तोवर वाचकांनी हे लक्षात ठेवावे. घरात किंवा शेजारी कुणाचा अर्ज परत आला असेल तर कारण लेखी मागा. देत नसतील तर मागणीचा अर्ज आवक शाखेत देऊन पोच घ्या. चर्च रोडवरच्या आयुक्तांकडे तक्रार करायला वकील लागत नाही, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवणे किंवा नाकारण्याचे कारण देणे कायद्याने बंधनकारक आहे. वकील हवाच असेल तर शिवाजीनगरच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. त्या वकिलाची फी सरकार देते.